लसूण, गंधक आणि तांब्या

डॉक्टरकाका, नमस्कार.

आमची वस्ती तासगाव तालुक्यात आहे. द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. शेडवर राखणीला तांब्या नावाचा गावठी कुत्रा आहे, तीन वर्षांचा. सासूबाईंचा घरगुती औषधांवर फार भरवसा. जंत होऊ नयेत म्हणून त्या रोज भाकरीतून दोन पाकळ्या लसूण घालतात. गोचीड दिसली की रॉकेलचा बोळा लावतात. महिनाभरापासून त्याच्या कानाच्या कडा आणि कोपरं खाजवून खाजवून उघडी पडलीत, तिथं बागेतलं गंधक खोबरेल तेलात कालवून लावतात. आमचे हे म्हणतात, हे सगळं अडाणीपणाचं. त्यांनी दुकानातून गायीच्या गोचिड्यांचं औषध आणून ठेवलंय, अजून लावलेलं नाही. मला दोघांचंही पटत नाही, पण बोलायला गेलं की "तू शहरातली, तुला कुत्र्यातलं काय कळतंय" असं होतं. घरच्या घरी काय करावं आणि काय करू नये, ते एकदा सविस्तर लिहा.

– एक सून

ता. क. तांब्या रॅकखाली सांडलेले बेदाणे खातो. सासरे म्हणतात, त्यानं पोट साफ राहतं. मागच्या आठवड्यात दोन दिवस जेवला नाही, एकदा उलटी केली, मग आपोआप बरा झाला. माझ्या लहान मुलाच्या हातांवर बारीक पुरळ आलंय, त्याचा काही संबंध असेल का?

---

ताई,

विचारलंत लसूण-गंधकाचं आणि खरी काळजीची गोष्ट टाकलीत ताजा कलमात. मी तिथूनच सुरुवात करतो.

बेदाणे आजपासून बंद. रॅकखालची जागा रोज संध्याकाळी झाडायची, आणि हंगाम संपेपर्यंत तांब्यानं शेडच्या आत नाही, बाहेर झोपायचं. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतो. सगळ्याच कुत्र्यांना बाधत नाही, आणि घोळ नेमका तिथंच होतो. एखादा ओंजळभर खाऊन शेपूट हलवत फिरतो, दुसरा मूठभरात आडवा होतो. त्यामुळे "आमच्या आधीच्या कुत्र्याला काही झालं नाही" असं सासरे म्हणाले तर ते खोटं नसेल, पण तांब्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवरचं कुत्रं मेलं की लोक म्हणतात, कुणीतरी घातलं असेल काहीतरी. बेदाण्यावर कुणाचा संशय जात नाही. ज्यावर घर चालतं, ते विष कसं असेल? अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या हे ध्यानात आलं तेच २००० सालाच्या आसपास. अलीकडं संशयाची सुई द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे वळली आहे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचा फोडायला बसाल तेव्हाही त्याला लांब ठेवा.

बाधा झाली तर पहिल्या सहा ते बारा तासांत उलटी होते, मग कुत्रं गप्प होतं, खात नाही. पुढच्या एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. लघवी थांबल्यावर आणलेलं कुत्रं वाचवणं फार अवघड. म्हणून खाताना दिसला तर वाट बघायची नाही. साधारण दोन तासांच्या आत डॉक्टरकडं पोहोचलात तर इंजेक्शन देऊन उलटी करवता येते आणि बराचसा माल बाहेर पडतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची रीत आहे, ती मात्र करू नका. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं, आणि मिठानं कुत्र्याला झटके येऊन तो दगावू शकतो. एका दुखण्याची दोन व्हायची.

आता मागच्या आठवड्यातली ती उलटी आणि दोन दिवसांचा उपास. तो बरा दिसतोय म्हणून सोडून देऊ नका. या आठवड्यात तासगावला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, नाहीतर सांगली-मिरजेला कुत्र्या-मांजरांचे खासगी डॉक्टर आहेत तिकडं. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात दोन गोष्टी सांगा: बेदाणे खातो, आणि अंगावर गोचिड्या आहेत. म्हणजे ते मूत्रपिंड कसं चाललंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघतील आणि काचेवर रक्त पसरून गोचीडतापाचे जंतूही बघतील. तुम्ही नुसतं "दोन दिवस जेवला नव्हता" म्हणालात तर भुकेचं टॉनिक घेऊन परत याल.

मूळ प्रश्न घेतो. घरगुती औषध चांगलं की वाईट, असा सरसकट निवाडा मी देणार नाही. नोकरीची निम्मी वर्षं मी जत-आटपाडीकडं काढली. धनगरांच्या वाड्यावर जे इलाज पाहिले, त्यातले काही पुढं मी स्वतःही लोकांना सांगायला लागलो. पण माणसाचा किंवा जनावराचा इलाज कुत्र्याला करताना एक गोष्ट विसरली जाते. माणूस मलम लावून स्वस्थ बसतो. कुत्रा तुम्ही पाठ फिरवायची वाट बघतो आणि सगळं चाटून साफ करतो. म्हणून कुत्र्याला लावलेलं औषध हे पाजलेलं औषध समजायचं. डबा उघडायच्या आधी एवढंच मनात आणायचं, हे याच्या पोटात गेलं तर? खोबरेल गेलं तर बिघडत नाही. चिमूटभर हळद गेली तर बिघडत नाही, आणि आपल्या सांगलीत ती काही दुर्मीळ नाही. रॉकेल, फिनेल, कापूर, डांबरगोळ्या, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल, तंबाखूचं पाणी यातलं काहीही गेलं तर बिघडतं. जळक्या ऑइलानं खरूज जाते असं सांगणारे मला दर गावात भेटले. खरजेबरोबर कुत्रंही गेल्याचं सांगणारे कमी भेटले, कारण ते कुणी सांगत नाही.

लसणीचं म्हणाल तर दोन पाकळ्यांनी तांब्या उद्या पडणार नाही, सासूबाईंना घाबरवू नका. पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. थोडं थोडं रोज गेलं की साचत जातं. त्यात आपल्या घरातला रस्सा म्हणजे कांदा-लसूण चटणीशिवाय होत नाही, आणि उरलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला घालायची पद्धत. म्हणजे त्याच्या वाट्याला दोन पाकळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त येतं. एवढं करून जंत पडतात का? नाही. जंतांना गोळीच लागते, मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी, वजनाच्या मापानं. बऱ्याच गोळ्यांना दर दहा किलोला एक असं माप असतं, पण वेष्टनावर बघून घ्या. आणि तांब्या बूड जमिनीला घासत चालला तर लगेच जंत समजू नका. शेपटीखालच्या ग्रंथी भरल्या तरी कुत्री तसंच करतात. शेपटीजवळ तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर मात्र ते पट्टकृमी, आणि ते पिसवांतून येतात. गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्या-दोन महिन्यांत परत तेच.

रस्सा बंद केला तर घालायचं काय? भाकरी, बिनमसाल्याचं वरण, उकडलेलं अंडं, कधी चटणी-मिठाच्या आधी बाजूला काढलेलं मटण. शिजलेली कोंबडीची हाडं नकोत, ती चिरफळतात आणि आतड्यात रुततात. मोठ्या कुत्र्याला वाटीभर दुधानं जुलाब होत असतील तर दूध बंद करा, त्याला ते लागत नाही.

आता खाज. कानाच्या कडा, कोपरं, आणि घरातल्या लेकराच्या हातावर पुरळ. तुम्ही या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहिल्यात, मला त्या एकत्र दिसल्या. एक तपासणी घरीच करा. तांब्याला शांत बसवा, त्याच्या कानाची कड अंगठा आणि बोटात धरून हलकेच चोळा, दहा-पंधरा सेकंद. मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर खरजेचा संशय बराच पक्का. ही खरूज कातडीत बिळं करणाऱ्या बारीक किड्याची. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कुत्र्याकडून माणसाकडं येतो. मुलाच्या बाबतीत दिलासा एवढा की कुत्र्याचा किडा माणसाच्या कातडीत वंश वाढवत नाही. कुत्रा बरा झाला की मुलाचं पुरळही काही आठवड्यांत जातं. तरी त्याला एकदा त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, आणि तोवर तांब्याच्या गळ्यात पडणं बंद.

आणि इथं सासूबाईंच्या बाजूनं एक शब्द. गंधक हा इलाज खोटा नाही. खरजेवर गंधक चालतं हे फार जुनं ज्ञान आहे, आजही गंधकाचं मलम औषधाच्या दुकानात मिळतं. चूक आहे ती पुडीत. बागेतलं गंधक हे भुरी या बुरशीच्या रोगावर फवारायला केलेलं असतं, बहुतेक ८० टक्क्यांचं. उरलेल्या २० टक्क्यांत ते पाण्यात नीट मिसळावं म्हणून घातलेली द्रव्यं असतात. ते द्राक्षाच्या पानासाठी आहे, सोललेल्या कातडीसाठी नाही. त्यात तांब्या ते चाटतो. शेडमध्ये बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देता तेव्हाही त्याला आत ठेवू नका. त्या धुरानं आपला घसा धरतो, त्याचं नाक तर आपल्यापेक्षा कितीतरी तिखट.

खरजेवर आता चघळायच्या गोळ्या येतात, त्या गोचीड, पिसवा आणि हा किडा तिन्हींवर चालतात. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, कारण दुसऱ्या एका प्रकारच्या खरजेत खाज कमी आणि टक्कल जास्त असतं, तिचा इलाज लांबतो. गायीचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन कुणी "एक टोचून टाकू" म्हणालं तर नको म्हणा. कुत्र्याचं माप गायीच्या मापावरून अंदाजानं काढता येत नाही, आणि काही जातींच्या कुत्र्यांना ते मेंदूत चढतं. तोवर घरी काय करायचं? कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं अंघोळ, तीही दहा-बारा दिवसांतून एकदा, आणि कोरड्या खपल्यांवर बोटभर खोबरेल. त्यानं खरूज जाणार नाही, कातडी जरा मऊ पडेल आणि त्याला झोप लागेल. कडुनिंबाचं तेल मात्र थेट चोळू नका, ते झोंबतं.

गोचिड्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तांब्याला ओसरीवर घ्या. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी बघा, त्यांची ठरलेली घरं ती. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी फुगलेली असते ती मादी. चिमट्यानं कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची, पीळ द्यायचा नाही. डब्यात साबणाचं पाणी ठेवा, त्यात टाका. नखावर चिरडू नका, तिच्या पोटातलं सगळं तुमच्या बोटाला लागतं. रॉकेल लावलं की ती सुटते, हे खरं. पण सुटायच्या आधी बेजार होऊन पोटातलं कुत्र्याच्या रक्तात ओकू शकते. शिवाय कातडी भाजते, आणि चाटलेलं रॉकेल उलटीबरोबर फुफ्फुसात गेलं तर त्याला घरी इलाज नाही. रॉकेल ठेवायचंच असेल तर त्या डब्यात ठेवा, कुत्र्यावर नको.

पण तांब्याच्या अंगावरच्या वेचून कधीच संपणार नाहीत. बाकीचं गोत भिंतीच्या भेगांत आहे. मादी खाली पडते, फटीत जाते आणि हजारांनी अंडी घालते. तो झोपतो तिथल्या भेगा गिलाव्यानं बुजवा, वर चुना मारा. त्याचं गोणपाट आठवड्याला उकळत्या पाण्यात घाला आणि कडक उन्हात टाका. कोंबड्या मोकळ्या सोडत असाल तर त्याही हातभार लावतात.

तुमच्या यजमानांनी आणलेली बाटली परत कपाटात ठेवा, तीही मुलाच्या हाताला लागणार नाही अशी. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी गायींसाठी कालवलेली औषधाची बादली उरली म्हणून एका धनगराचं कुत्रं त्याच पाण्यानं पुसून काढलं. पंधरा मिनिटांत ते थरथरायला लागलं, तोंडाला लाळेची तार. विहिरीवर नेऊन साबणानं तीनदा धुतलं आणि रात्रभर शेजारी बसलो. वाचलं. धनगर एक अक्षर बोलला नाही. कुत्रं मात्र त्यानंतर माझी फटफटी ऐकू आली की झुडपात जाऊन बसायचं, ते मी बदली होईपर्यंत. गायीच्या बाटलीवर माप गायीचं असतं. कुत्र्याला मानेवर थेंब टाकायची औषधं वेगळी येतात. त्यातली काही मांजराला जीवघेणी असतात, तेव्हा घरात मांजर असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

गोचीडतापात कुत्रं मलूल होतं, जेवण सोडतं, कधी नाकातून रक्त येतं, पोटावर लालसर ठिपके उठतात, एका प्रकारात लघवी कोऱ्या चहासारखी होते. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार आहे. फक्त बहुतेक वेळा गोळ्या महिनाभर द्याव्या लागतात आणि लोक आठव्या दिवशी थांबवतात, कारण कुत्रं उठून भुंकायला लागलेलं असतं.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. माझ्या घरचा कुत्रा माझ्याच घरात औषधानं गेला. मी दौऱ्यावर होतो, तो लंगडत होता, आणि माझ्या भावानं वडिलांची कंबरदुखीची गोळी त्याला भाकरीत घालून तीन दिवस दिली. प्रेमानंच दिली. चौथ्या दिवशी डांबरासारखी काळी शी झाली आणि मी पोहोचेपर्यंत हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, त्यांच्या जोडगोळ्या, यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडं २००६ साली बंदी आली ती गिधाडांपायी, पण माणसाची पट्टी घराघरात फडताळावर असतेच. दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली कुठलीही गोळी तांब्याला नको. पॅरासिटामॉलही मनानं नको.

मग घरात ठेवायचं काय? एक साधा थर्मामीटर, फक्त त्याच्यासाठी. टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात इंचभर, मिनिटभर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणून तो हाताला नेहमीच आपल्यापेक्षा गरम लागतो. १०३ च्या वर गेलं तर ताप. नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूत सोडा, झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. त्यापेक्षा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असावी. बोटानं दाबली की पांढरी होते, दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. तो धडधाकट असताना रोज बघायची सवय ठेवा, म्हणजे फिकट झाली की तुम्हाला आधी कळेल.

जुलाब झाले, पण मोठा कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, तर एक वेळ उपाशी ठेवा. मग मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, नाहीतर लाल भोपळा उकडून, थोडं थोडं. चमचा-दोन चमचे ताजं दही चालतं. म्हणजे सासूबाईंचा दहीभात इथं बरोबर आहे, फोडणी नको एवढंच. ओआरएसचं पाणी वाटीनं चालतं. रक्त पडलं, उलट्या थांबेनात, किंवा पिल्लू असेल तर मात्र घरी एक तासही घालवायचा नाही. लस न झालेल्या पिल्लाला रक्ताचे, घाण वासाचे जुलाब म्हणजे पार्व्हो, विषाणूचा जीवघेणा आजार, धरून चालायचं. तिथं दहीभातानं वेळ जातो आणि पिल्लूही जातं.

जखम झाली तर आधी धुणं, मग बाकी. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात सपाट चमचाभर मीठ, आणि त्याच्या धारेनं जखम घाण निघेपर्यंत धुवा. खरचटलंय एवढ्यावर हळद चालेल. खोल जखमेत हळद भरू नका, वर खपली धरते आणि आत पू. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, त्यावर पेट्रोल आणि डांबरगोळ्या भरणारे लोक मी पाहिले आहेत. अळ्या दिसल्या की डॉक्टरच, त्या दिसतात त्यापेक्षा आत जास्त असतात. कान झाडत असेल, वास येत असेल तर आत तेल सोडू नका, काडीही घालू नका. उन्हात धापा टाकत कोसळला तर सावली, अंगावर साधं पाणी, पंखा, आणि ओल्या अंगानंच गाडीत. बर्फ नको.

थिमेटसारखं शेतातलं कीटकनाशक किंवा उंदराचं औषध खाल्ल्याचा संशय, साप चावला, झटके, पांढऱ्या हिरड्या, फुगून टम्म झालेलं पोट, दिवसभर लघवी नाही, यातलं काहीही असेल तर या पत्रातलं काही आठवू नका, गाडी काढा. विषाचं पाकीट सापडलं तर बरोबर घ्या. सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडतं, अवघड दुखण्याला तिथं न्यावं. क्रांतिसिंह मूळचे आपल्या येडेमच्छिंद्रचे, म्हणजे सांगलीकरांनीही परकं मानायचं कारण नाही.

तुमच्या पत्रात लसूण आहे, गंधक आहे, रॉकेल आहे, एक शब्द मात्र कुठंच नाही: लस. रेबीजची लस तांब्याला झाली नसेल तर त्याच खेपेला टोचून घ्या, पुढं दरवर्षी. घरात लहान मूल आहे आणि रानात कोल्ही-कुत्री फिरतात. कुणाला कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जायचं. मिरची, चुना भरणं नाही, विष उतरवायला कुणाकडं जाणं नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीनं म्हातारी माणसं अजून टाळतात. ती इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात मोजकी असतात.

राहिलं घरातलं. हे पत्र सासूबाईंच्या पुढं नाचवू नका. तांब्यानं जेवण सोडल्याचं घरात सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल? माझी पैज आहे, त्यांनाच. त्यांना गोचिड्यांचा चिमटा द्या आणि हिरडी बघायची कशी ते दाखवा. जुन्या बायकांची नजर आम्हा डॉक्टरांपेक्षा चांगली असते, फक्त त्यांच्या हातात रॉकेल नको. यजमानांना सांगा, दोघांचं चुकलंय, त्यांचं जरा महागात. सासऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा, बेदाणेवाल्याला बेदाण्याबद्दल मी काय सांगणार.

आणि निघायच्या आधी तांब्याला बेदाण्याच्या काट्यावर उभा करून वजन घ्या. नीट उभा राहत नसेल तर तुम्ही त्याला उचलून चढा आणि तुमचं वजन वजा करा. डॉक्टर औषध देताना तोच आकडा आधी विचारतील. क्रिएटिनिन किती आलं, तेवढं मला कळवा.

– डॉक्टरकाका